जॉनी मोठा का होत नाही?

नववीच्या पोरांना टोळीची गोष्ट सांगू नये, असं माझ्या मामांचं म्हणणं आहे. सांगितलीच पाहिजे, असं माझं. पावसाळ्यात सुरू झालेला हा वाद दिवाळी उलटली तरी मिटलेला नाही. आता तो आमच्या दोघांपुरताही राहिलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

मामा इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. सत्तरच्या दशकात, आज जालना जिल्ह्यात मोडणाऱ्या एका खेड्यातून ते औरंगाबादला नागसेनवनात शिकायला आले, मिलिंद महाविद्यालयात शिकले, वसतिगृहात राहिले आणि मग या शहराचेच झाले. आता नंदनवन कॉलनीत राहतात. मी मुकुंदवाडीजवळच्या एका शाळेत मराठी शिकवते. माझ्या वर्गातल्या बहुतेकांचे वडील चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर, आया सिडकोतल्या घरांमध्ये धुण्याभांड्याला. सिडको रस्त्याच्या पलीकडेच आहे.

आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या वाचनाच्या तासाला मी मुलांना एस. ई. हिंटनची 'द आउटसायडर्स' ही कादंबरी तोंडी सांगायला घेतली. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा गावची ही मुलगी. पंधरा वर्षांची असताना तिनं ही कादंबरी लिहायला घेतली आणि 1967 साली ती छापून आली. पोरांच्या मारामाऱ्यांचं पुस्तक पोरीनं लिहिलंय म्हटल्यावर परीक्षक ते बाजूला टाकतील, म्हणून प्रकाशकानं तिच्या नावाची नुसती आद्याक्षरं छापली. गावाच्या पूर्वेकडची गरीब, तेल चोपडून केस वाढवलेली पोरं म्हणजे ग्रीझर. पश्चिमेकडची, मोटारी फिरवणारी श्रीमंत पोरं म्हणजे सोश. गोष्ट सांगतो चौदा वर्षांचा पोनीबॉय. त्याचे आईवडील अपघातात गेलेले. थोरला भाऊ डॅरी कॉलेजचं स्वप्न सोडून छपरं घालायच्या कामाला जातो. पोनीबॉयचा मित्र जॉनी, घरी मार खाणारा, टोळीतला सगळ्यांचा लाडका. एका रात्री सोश पोरं पोनीबॉयचं डोकं कारंज्याच्या पाण्यात दाबून धरतात, तो मरणार असं दिसतं, आणि जॉनी चाकू चालवतो. एक सोश मरतो.

इथवर आले आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, केस कोणावर पडली?"

चाकूचं पुढं काय झालं, पोनीबॉय वाचला का, हे नंतर. आधी केस. त्या संध्याकाळी मी हे मामांना सांगितलं, आणि तिथून आमचं जुंपलं.

"ते पोरगं तुझ्यापेक्षा हुशार निघालं," मामा म्हणाले. "त्याला अख्खी कादंबरी कळली. आता पुढची सांगूच नको."

"का म्हणून? त्याला नेमकं ते जाणून घ्यायचंय. आणि मामा, या पोरांबद्दल गोष्ट म्हणून कोण बोलतं? पेपरात त्यांची बातमी येते. तिथं ती 'टवाळखोर' असतात, नाहीतर 'टोळकं'. नावं नाहीत, घर नाही, भाऊ नाही. आपल्यासारखी पोरं पुस्तकात असतात आणि ती सूर्यास्त बघतात, एकमेकांना सिनेमाच्या गोष्टी सांगतात, हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. वर्ग एवढा शांत मी कधी बघितला नव्हता."

"शांत बसला म्हणजे पटलं असं धरू नकोस. अगं, टल्सात श्रीमंत आणि गरीब पोरं एकाच हायस्कुलात जातात. पोनीबॉय आणि ती श्रीमंत पोरगी, चेरी, एकमेकांना शाळेत बघतात, म्हणून तर ती कादंबरी उभी राहते. तुझ्या शाळेत सिडकोतला एक तरी पोरगा आहे का? ते सगळे इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमध्ये बसून जातात. आपल्याकडं गरीब पोराची आणि श्रीमंत पोराची खुन्नस व्हायला दोघं आधी समोरासमोर यावे लागतात. ते येतच नाहीत. मग गरीब पोरगा भांडतो कुणाशी? शेजारच्या गल्लीतल्या, तितक्याच गरीब पोराशी. कुणाचा चौक, कुणाचं गणपती मंडळ, कुणाच्या जयंतीचा डीजे मोठा, यावरनं. पलीकडच्या बंगल्यातल्या माणसाला या मॅटरची खबरही नसते."

मामांचं हे निरीक्षण खरं आहे, आणि मला ते दिवसभर छळतं. माझ्या वर्गातली मुलं सिडकोतल्या घरांना आतून ओळखतात. आईबरोबर जाऊन त्यांनी तिथल्या फरश्या पाहिल्यात, फ्रिज पाहिलेत. त्या घरातली मुलं मात्र यांना ओळखत नाहीत. हेवा आहे, पण तो एका बाजूनं आहे. त्याची मारामारीसुद्धा होऊ शकत नाही. पण मामा यातून जो निष्कर्ष काढतात तो मला मान्य नाही. मी त्यांना म्हटलं, "म्हणूनच तर ही गोष्ट हवी. शेजारच्या गल्लीवरची नजर वर उचलायला. आपण ज्याच्याशी भांडतो तो आपल्यातलाच आहे, हे यांना कुठं तरी कळायला नको?"

"ते गोष्टीनं कळत नाही."

"तुम्हाला कशानं कळलं?"

"मला बाबासाहेबांच्या कॉलेजनं कळलं," मामा म्हणाले. वाद जिंकायला ते हे बोलत नव्हते. मिलिंद महाविद्यालय 1950 साली सुरू झालं. ज्यांच्या घरात अक्षर नव्हतं अशी मराठवाडाभरची पोरं तिथं एका छपराखाली आली. मामांच्या खोलीत तिघे होते, तीन जिल्ह्यांचे. कंदिलाच्या गावातून आलेल्या या पोरांना रात्री दिवा किती वाजेपर्यंत ठेवायचा यावरून भांडणं करायची चैन तिथं पहिल्यांदा मिळाली. गंगाधर पानतावणे शिकवायला होते. त्यांचं 'अस्मितादर्श' तिथूनच निघायचं, आणि आपल्यासारखाच माणूस छापून येतो हे मामांनी त्या अंकांत पाहिलं. "आम्ही एकमेकांचे होतो," मामा म्हणाले, "पण त्यासाठी कुणाला मारावं लागलं नाही. तुझ्या कादंबरीत आपलेपणा सिद्ध करायला दर वेळी रक्त काढावं लागतं."

"आणि अठ्ठ्याहत्तरला?" मी विचारलं.

विचारायला नको होतं असं नाही. पण मामांना उत्तर द्यायला वेळ लागला. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या गावोगावी दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. ठरावानंतरच्या त्या दिवसांत मामा नागसेनवनात होते. घरून पत्र येत नव्हतं. कुणाचं घर उरलं, कुणाचं गेलं, काही कळत नव्हतं. पोरं पाळीपाळीनं जागायची, दाराला खाटा लावायची.

"ती टोळी नव्हती का मामा?"

"होती. नसती तर आम्ही वेडे झालो असतो. पण त्या रात्री मला गोड वाटल्या नाहीत आणि आजही वाटत नाहीत. माझ्यासोबत जागणाऱ्या पोरानं ते वर्ष परीक्षाच दिली नाही. गावी गेला तो परत आला नाही. मी एम.ए. झालो. लोक विचारतात तेव्हा मी जागलेल्या रात्रींची गोष्ट सांगतो आणि ऐकणारे भारावतात. त्याची गोष्ट कुणी विचारत नाही."

मामांचा खरा आक्षेप मला इथं दिसला. बाकीचं सगळं, अमेरिका आणि शाळा आणि बस, ही त्याच्या आधीची तटबंदी होती.

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांना मोबाइलवरचा एक फोटो दाखवला. आमच्या शाळेजवळच्या चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स. वर कोपऱ्यात नेत्यांचे फोटो, मधोमध गॉगल घातलेला 'भाऊ', त्याच्यामागं लावलेला सिंह, आणि खाली शुभेच्छुक. शुभेच्छुकांच्या चार ओळी. पहिल्या ओळीतले फोटो ताटाएवढे, दुसऱ्यातले त्याहून लहान, आणि शेवटच्या ओळीतले इतके बारीक की नाव वाचायला जवळ जावं लागतं. वर्गणी जास्त त्याचा फोटो मोठा, असा साधा हिशेब. शेवटच्या ओळीत उजवीकडून तिसरा माझ्या वर्गातला मुलगा. स्टुडिओत जाऊन फोटो काढायला पैसे नसावेत. शाळेच्या ओळखपत्रावरचाच फोटो कापून लावला होता. निळ्या पडद्यापुढं, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. नावापुढं 'दादा' लिहिलं होतं. तो फोटो त्यानंच मला दाखवला होता, स्वतःहून, मधल्या सुट्टीत.

"मामा, त्याच्या घरी भिंतीवर त्याचा एकही फोटो नाही. वर्गात त्याचा नंबर पन्नाशीच्या पुढं. अख्ख्या शहरात त्याचं नाव 'दादा' लावून कुठं लिहिलं गेलं असेल तर या एका फ्लेक्सवर. दोनशे रुपयांत त्याला कुणीतरी आपलं म्हटलं. हे मी खोडून काढू, तर त्याच्या जागी त्याला काय देऊ?"

मामांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. "आणि उद्या मध्यरात्री चौकात तलवारीनं केक कापला," ते म्हणाले, "व्हिडिओ फिरला, पोलिस आले, तर उचलणार कोणाला? गॉगलवाला जामिनावर संध्याकाळी घरी. पहिल्या ओळीतल्यांचे काके-मामे कुठं ना कुठं ओळखीचे. उरतो हा, निळ्या पडद्यावाला. मे 2018 मध्ये शहागंज-मोतीकारंजाकडं दंगल झाली तेव्हा दोन्ही बाजूंच्या किती माउल्या पोरांसाठी ठाण्याबाहेर बसल्या होत्या, आठवतं? भडकवणारे त्या रांगेत नव्हते. अठराच्या आतल्या पोराची नोंद पुढं त्याच्या आड येऊ नये, असं कायदा म्हणतो. पण कंपनीच्या गेटवर चारित्र्य पडताळणीचा कागद मागतात तेव्हा तिथल्या सुपरवायझरला कायदा कोण वाचून दाखवतो? निष्ठा सगळ्यांची सारखी असते गं. तिची किंमत सारखी नसते. तुझी कादंबरी ती सारखी दाखवते."

"नाही दाखवत," मी म्हटलं. "हिंटननं तेच तर लिहिलंय. दोन्हीकडच्यांची रग सारखी, पण मारामारी झाली की गुंड ठरतात ते ग्रीझर. चेरी जॉनीच्या बाजूनं साक्ष द्यायला तयार होते, पण पुढं तो दवाखान्यात असताना त्याला भेटायला जात नाही. ते पान मुलांना सांगताना माझा आवाज बसला होता."

मग मामा मराठीवर आले. आपल्याकडं हे सगळं लिहिलं गेलेलं असताना तू टल्साला का गेलीस, हा त्यांचा राग. भाऊ पाध्यांचं 'वासूनाका' 1965 सालचं, म्हणजे हिंटनच्याही आधीचं. नाक्यावर पडून असलेल्या मुंबईच्या पोरांची भाषा त्यांनी जशीच्या तशी पुस्तकात आणली, आणि अत्र्यांनी त्यावर झोड उठवली. मी म्हटलं, ते पुस्तक मी नववीला सांगू शकत नाही आणि ती पोरं वयानंही मोठी आहेत. मिलिंद बोकीलांची 'शाळा' मी सांगितली आहे. ती मुलांना मनापासून आवडते. आणीबाणीतलं वर्ष, नववीतला जोशी, सुऱ्या, चित्रे, फावड्या, अर्धवट बांधलेल्या इमारतीतला अड्डा, आणि जोशीला आवडणारी शिरोडकर. पण तिथली चौकडी कुणाशी लढत नाही. वर्षाच्या शेवटी ती विखुरते आणि जोशी दहावीत जातो.

"बघ," मामा म्हणाले, "जोशी जातो. सांगणारा नेहमी पुढं जातो."

लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'चं नाव मामा फार हळू घेतात. 1987 सालचं ते आत्मकथन. तिथं पोरं टोळीत सामील होत नाहीत, टोळीत जन्मतात. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अख्ख्या जमातींनाच गुन्हेगार ठरवलं आणि तो शिक्का कागदावरून पुसायला 1952 साल उजाडावं लागलं. मामांचं म्हणणं असं की, ग्रीझर केस कापून, रंगवून लपू शकतो. पोनीबॉय ते करतोच. 'उचल्या'तल्या पोराला कापायला केस नाहीत. 'फँड्री' या सिनेमातल्या जब्याला जीन्स हवी असते. ती मिळाली असती तरी शाळेसमोर बापाबरोबर डुकरं पकडायला त्याला जावंच लागलं असतं, आणि भिंतीवर बसून हसणारी पोरं त्याच्याच वर्गातली होती. आर्थिक वर्ग बदलता येतो, निदान तशी आशा करता येते. जातीचं तसं नाही, आणि ती वगळून टोळीची गोष्ट सांगणं म्हणजे आपल्या पोरांना अर्धाच नकाशा देणं.

मला हे पटतं. तरी 'फँड्री'त जब्याबरोबर काळ्या चिमणीमागं रानोमाळ हिंडणारा पिऱ्या मामांना दिसत नाही, याचं मला नवल वाटतं. तो काहीही मागत नाही. चिमणीची राख पोरीवर टाकली की ती वश होते, यावर त्याचा विश्वास आहे की नाही, कुणास ठाऊक. तो नुसता सोबत असतो. माझ्या मुलांना जब्यानं शेवटी भिरकावलेल्या दगडाइतकाच पिऱ्या आठवतो. प्र. ई. सोनकांबळे याच नागसेनवनात शिकले आणि तिथंच त्यांनी शिकवलं. मामांच्या आग्रहाखातर त्यांच्या 'आठवणींचे पक्षी'मधला भाग मी वर्गात वाचून दाखवला. बहिणीच्या घरी वाढणारं पोरकं पोर, भूक, अपमान. वर्ग हलला. तास संपल्यावर एक मुलगी माझ्यामागं आली आणि तिनं विचारलं, "मॅडम, त्याला एकपण दोस्त नव्हता?" हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नव्हता. म्हणून तर ते पुस्तक खरं आहे." मी म्हटलं, "तिला खरं आहे की नाही हे विचारायचं नव्हतं मामा. तिला तो एकटा राहिलेला सोसवत नव्हता."

याच मुलीनं पुढच्या आठवड्यात विचारलं, मुलींची गँग का नसते? मुलींना चौकच नाही, हे उत्तर मी दिलं नाही. तिला ते माहीत आहे. 'द आउटसायडर्स' एका मुलीनं लिहिली, तिच्यापेक्षा एखाद्या वर्षानं मोठ्या, एवढंच परत सांगितलं. तिनं वहीत नाव उतरवून घेतलं.

गोष्ट संपवायची वेळ आली तेव्हा वाद टोकाला गेला. जळत्या चर्चमधून लहान मुलांना बाहेर काढताना जॉनी भाजतो आणि दवाखान्यात मरतो. ते सहन न होऊन टोळीतलाच डॅली दुकान लुटतो आणि पोलिसांच्या गोळीला सामोरा जातो. पोनीबॉयला न्यायाधीश घरी जाऊ देतात, आणि शाळेच्या निबंधासाठी तो हीच सगळी हकिगत लिहायला बसतो.

"म्हणजे पोनीबॉयला शहाणपण यावं म्हणून जॉनी मरतो," मामा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "दोघं मेले तेव्हा एकाचा निबंध झाला. तू कोणतीही वयात येण्याची गोष्ट काढ, वयात एकच जण येतो. बाकीचे त्याच्या आठवणीत पंधरा वर्षांचेच राहतात, गोंडस, शूर. मला चाळिशीतला जॉनी दाखव. भाजलेली पाठ घेऊन वाळूजला सेकंड शिफ्टला जाणारा, रात्री साडेअकराला कंपनीच्या बसमधून उतरणारा. तसा लिहिणारा मला अजून भेटला नाही. तुझ्या वर्गातल्या पोरांना तू काय शिकवतेस? की सुंदर व्हायचं असेल तर मरावं लागतं?"

याला माझ्याकडं उत्तर होतं, आणि ते मी मुलांसाठी देत होते. "मामा, माझ्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांचे भाऊ गेलेत. गाडीवर, भांडणात, कंपनीच्या मशीनमध्ये. त्यांच्यासाठी घरात पंधरा दिवस रडणं झालं आणि मग कुणी नाव घेतलं नाही. जॉनी मेल्यावर अख्खी टोळी वेडीपिशी होते, हे त्यांना ऐकायचं होतं. गरीब पोराच्या मरणाचं कुणाला काही वाटतं, एवढं. शेवट बदलून सांगितला असता तर त्यांना कळलं असतं मी खोटं बोलतेय."

शेवट मी आहे तसाच सांगितला. पण मामांचं बोलणं डोक्यातून गेलं नाही, आणि मी मुलांना गृहपाठ दिला: जॉनी जगला असता तर काय झालं असतं, एक पान लिहून आणा. ज्यांना तो मेलेलाच हवा, त्यांनी तसं लिहावं. मामांना हे कळल्यावर ते म्हणाले, वह्या मला आणून दे, पण मेलेल्यांच्या वह्या नको. ती अट मी मानली नाही. सगळ्या वह्या नेल्या.

बहुतेक पानांत जॉनी पोलिस झालाय, नाहीतर जिम काढलीय. दोघांनी त्याला पुन्हा मारलंय, एकीनं त्याचं लग्न लावलंय. ज्यानं केसचा प्रश्न विचारला होता त्याचं पान अर्धंच आहे. त्याच्या गोष्टीत जॉनी तीन वर्षांनी सुटून येतो, रांजणगावला खोली करतो, एका कंपनीत पॅकिंगला लागतो, आणि पोनीबॉय कॉलेजला पुण्याला गेलाय. दोघांचं बोलणं नाही. पान तिथंच थांबतं.

मामांनी ते दोनदा वाचलं. मग पेन्सिल काढून समासात, प्राध्यापकी बारीक अक्षरात लिहिलं: 'पोनीबॉय भेटायला का आला नाही? पुढचं पान लिही. मी वाचणार आहे.' सोमवारी वही परत दिली तर मुलानं समासातली ती ओळ वाचून मला विचारलं, कोण आहेत हे? सांगितल्यावर म्हणाला, त्यांना म्हणा, पोनीबॉयचा नंबर बदललाय.

मामांचं म्हणणं, ही पळवाट आहे, त्यानं पोनीबॉयला सोडता कामा नये. माझं म्हणणं, त्यानं लिहायचं ते लिहिलं. आता ते दोघं थेट एकमेकांशी भांडतात, वहीच्या समासात, आणि मी पोस्टमन झाले आहे.